घरच्या पार्किंगमध्ये अल्टरनेटर बदलायचा तर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की सल्ल्याला तोटा नसतो. एक काका म्हणतात बॅटरी बसली, दुसरे म्हणतात डायनॅमो गेला, तिसऱ्यांचं मत असतं की गाडीच काढून टाका. सगळ्यांना चहा विचारा, पण ऐकायचं फक्त मल्टिमीटरचं, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या मीटरचं. माझी २०१० सालची ऑल्टो आहे. सहकारनगर ते सासवड हा तिचा नेहमीचा रस्ता, म्हणजे दिवे घाट रोजचाच. तिचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणारा भाग, मी पार्किंगमध्येच बदलला आणि पुढे नात्यातल्या काही गाड्यांनाही हात लावला. पेशाने मी हिशेबनीस. गॅरेजशी संबंध बिल भरण्यापुरता. त्यामुळे पाना कधीच न धरलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

या कामात बोल्ट काढणं अवघड नाही. अल्टरनेटर खरंच गेलाय का, हे ठरवणं अवघड आहे. धडधाकट अल्टरनेटर काढून नवा बसवला आणि दोष निघाला बॅटरीच्या सैल टर्मिनलचा, असं पुष्कळांचं होतं. म्हणून तपासणीवर मी जरा जास्तच रेंगाळणार आहे.

आधी आकडे

सेल्फ मारण्यापुरती बॅटरी लागते. एकदा इंजिन चालू झालं की दिवे, वायपर, ब्लोअर, पेट्रोलचा पंप, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळं अल्टरनेटरवर चालतं, शिवाय बॅटरीत गेलेलं भरून काढायचं तेही त्यानेच. तो गेला तरी गाडी लगेच बंद पडत नाही. बॅटरीतली शिल्लक संपेपर्यंत चालते. दिवसा कोरड्या रस्त्यावर ती बऱ्यापैकी लांब जाईल. पावसात, रात्री, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर फुल असेल तर फार लवकर दम तोडेल. पुण्यात जुलैमध्ये अल्टरनेटरची रडगाणी एकदम वाढतात ती यामुळे.

मल्टिमीटर तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. साधा चालेल. डीसीच्या २० व्होल्टच्या खुणेवर फिरवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, सेल्फ मारायच्या आधी घेतलेला आकडा खरा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरी जरा फुगवून आकडा सांगते. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ ला साधारण पाऊण, १२.२ ला निम्मी. बाराच्या खाली गेली की ती रिकामी समजा, आणि चार्जरवर लावल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी करू नका.

आता इंजिन चालू करा. आकडा १३.८ ते १४.५ च्या आसपास गेला पाहिजे. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगा. एवढा भार घेऊनही आकडा साडेतेराच्या खाली फारसा उतरायला नको. इंजिन चालू असून मीटर १२.३, मग १२.२, मग १२.१ असा खाली खाली येत असेल तर चार्जिंग होत नाहीये. उलट १५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब उडतात. अशी गाडी चालवत राहू नका.

एक जुनी पद्धत अजून बरेच जण करून दाखवतात: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून गेलं. आताच्या गाडीत बॅटरी अशी मध्येच सुटली की व्होल्टेज क्षणभर भलतंच उसळतं आणि कॉम्प्युटर किंवा अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जाऊ शकतात. कुणी तुमच्या गाडीवर हा प्रयोग करायला लागलं तर हात धरा.

चार्जिंग होत नाही म्हणजे अल्टरनेटरच गेला, असं अजून म्हणायचं नाही. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागायलाच हवा. तो लागत नसेल तर बल्ब, फ्यूज किंवा अल्टरनेटरकडे जाणारी बारीक वायर बघा. जुन्या रचनेच्या गाड्यांत या दिव्यातून जाणाऱ्या किंचित करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. दिवा मेला की तोही झोपून राहतो. काही रुपयांच्या बल्बसाठी आख्खं युनिट बदललेली माणसं आहेत.

मग अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा. इंजिन बंद, किल्ली खिशात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला आडव्या भेगा, काचेसारखी चकाकी, कडेचे सुटलेले दोरे दिसले तर पट्टा बदलायचाच. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा हेडलाइट लावल्यावर चीं असा आवाज येतो, तो सैल पट्टा पुलीवर घसरल्याचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत याच पट्ट्यावर वॉटर पंपही फिरतो. चालत्या गाडीत लाल दिवा लागला आणि टेंपरेचरचा काटाही चढायला लागला तर पट्टा तुटलाय असं समजा आणि गाडी तिथेच कडेला घ्या. घरापर्यंत ओढायची म्हणून चालवलीत तर इंजिन शिजेल.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर इंजिन बंद करून, वायरी सोडवून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवा आणि वाळल्यावर ब्रशने घासा. टर्मिनल हाताने फिरवून बघा. जरा जरी हललं तर ते सैल आहे. बॅटरीच्या मायनसची जाड वायर बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे बोल्ट केलेली असते, तिथला गंज कुणी बघतच नाही. तिथे बघा.

आणखी एक चाचणी सांगते, ती गॅरेजमध्येही क्वचितच होते. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर लावलेले. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या नटावर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर. हात आणि मीटरच्या वायरी पट्ट्यापासून लांब ठेवा. मीटर ०.२ किंवा फार तर ०.३ व्होल्ट दाखवेल. त्याहून बरंच जास्त, म्हणजे एक व्होल्ट वगैरे दाखवत असेल, तर अल्टरनेटर बनवतोय पण वाटेत गळती आहे: वायर, जोड किंवा मोठा फ्यूज. तसंच अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर एक टोक आणि बॅटरीच्या मायनसवर दुसरं, इथेही ०.२ च्या आतच हवं. दोन्ही ठीक, बॅटरी भरलेली, पट्टा ताठ, दिवा लागतोय, तरी चार्जिंग नाही. आता म्हणा अल्टरनेटर गेला.

डायोड अर्धवट गेला असेल तर चार्जिंग थोडंफार दिसतं, पण बॅटरी रात्रीत उतरते. मीटर एसी व्होल्टच्या खुणेवर करून बॅटरीवर लावला की इंजिन चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा येतो. स्वस्त मीटरची एसीची सगळ्यात खालची खूण २०० व्होल्टची असते, त्यावर हे नीट कळत नाही. त्यासाठी चांगला मीटर कुणाकडून तरी मागून आणा.

नव्या गाडीवाल्यांनी इथे थोडं थांबावं. बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरली की तो मुद्दाम कमी करतो, त्यामुळे मीटरवर साडेबारा-तेरा दिसलं म्हणून घाबरू नका. आणि मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या गाडीत अल्टरनेटर आणि सेल्फ एकाच युनिटमध्ये असतात. तिथे पहिल्यांदा पाना धरणाऱ्याने जाऊ नये, सरळ सर्व्हिस सेंटर गाठावं.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा

अल्टरनेटर म्हणजे एकच अखंड वस्तू नाही. आत रोटर (फिरणारा भाग), स्टेटर (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी), डायोडची प्लेट, रेग्युलेटर (गॅरेजमध्ये याला कटआऊट म्हणतात), कार्बन ब्रश आणि दोन बेअरिंग. यातले कार्बन झिजतात, बेअरिंग वाजतात, कटआऊट जातो. हे तिन्ही बदलता येतात आणि चांगला वायरिंगवाला ते तुमच्यासमोर करून देतो. घुर्र असा आवाज येतोय पण चार्जिंग उत्तम आहे, तर बेअरिंगच. बेअरिंगवर ६३०३ असा काहीतरी नंबर कोरलेला असतो. शेवटचं ०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटरचं. एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडमध्येच आहे, तरी बाजारात त्याच नावाचा नकली माल असतो. म्हणून बेअरिंग ओळखीच्या दुकानातून आणि बिल घेऊनच घ्यायचं.

माझं मत विचाराल तर गाडी लाखाच्या आसपास चालली असेल, आवाजही आहे आणि चार्जिंगही नाही, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. एक गोष्ट बदलली की दुसरी मान टाकते आणि काढ-घाल तुमचीच होते. नुसता कटआऊट किंवा कार्बन गेला असेल तर मात्र दुरुस्त करा, नवा घेण्यात अर्थ नाही. दोन्ही वेळा अल्टरनेटर काढणं-बसवणं तेच, त्यामुळे पुढचं सगळं दोघांनाही लागू.

नाना पेठ

सुट्या भागांसाठी नाना पेठ. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. रिक्षाने किंवा बसने जा. जुना अल्टरनेटर काढून पिशवीत घेऊन जाणं सगळ्यात उत्तम. ते शक्य नसेल तर त्याच्या अंगावरच्या पट्टीचा स्पष्ट फोटो. मी नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगितलं तेव्हा काउंटरवरच्या माणसाने वर बघितलंसुद्धा नाही.

“ताई, जुना आणलाय?”

“फोटो आहे.”

“मागून पण काढायचा होता. प्लग कसा आहे ते दिसत नाही यात.”

त्याचं बरोबर होतं. एकाच मॉडेलमध्ये सालागणिक दोन-दोन कंपन्यांचे अल्टरनेटर आलेले असतात. बघायच्या गोष्टी अशा: अँपिअर (पट्टीवर १२ व्होल्टच्या शेजारी लिहिलेले असतात, जुन्याइतके किंवा किंचित जास्त चालतील, कमी नकोत), मागच्या प्लगचा आकार आणि त्यातल्या पिना, बोल्ट जातात ते कान कुठे आणि किती जाड, आणि पुलीवर खाचा किती. शेवटचं लोक विसरतात. पट्ट्यावर ४पीके किंवा ५पीके असं छापलेलं असतं; पहिला आकडा म्हणजे उभ्या खाचांची संख्या, आणि पीकेच्या पुढचा मोठा आकडा म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. चार खाचांच्या पट्ट्याला पाच खाचांची पुली चालेल की, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, पट्टा सरळ रेषेत धावत नाही. जुनी पुली नव्यावर चढवायची असेल तर दुकानदाराकडूनच करून घ्या. तिचा नट घरी सुटत नाही, त्याला हवेची गन लागते.

नवा घ्यायचा तर ल्युकास टीव्हीएस, बॉश, डेन्सो अशा नावांपैकी तुमच्या गाडीत मुळात जो आला असेल तोच मागा. रिकंडिशन केलेला स्वस्तात मिळतो. घ्यायचाच असेल तर दुकानातल्या टेस्ट बेंचवर फिरवून व्होल्टेज दाखवायला लावा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. तोंडी वॉरंटी नाना पेठेच्या चौकापर्यंतच टिकते. पट्टा नवाच घ्या. एवढी खोलाखोल करून जुना पट्टा परत चढवणं म्हणजे चिंधीगिरी.

हत्यारं

१०, १२ आणि १४ चे रिंग पाने, त्याच मापांच्या गोट्या (सॉकेट), त्या फिरवायला रॅचेट आणि एक लांब एक्स्टेन्शन. पट्टा ताणायला टॉमी (जाड लोखंडी सळई) किंवा जाड लाकडी दांडा. गंज सोडवायचा स्प्रे, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, डोक्याला बांधायचा टॉर्च. बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात सेकंड हँड पाने भरपूर असतात. जुने जाड पाने कधीकधी नव्या चकचकीत सेटपेक्षा टिकतात, पण टोकं पसरलेला पाना उचलू नका, तो नटाच्या कडा खातो.

गाडी उचलायची वेळ आली तर दोन स्टँड हवेतच. मेकॅनिक त्यांना घोड्या म्हणतात. गाडीसोबत मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, मग काम दोन मिनिटांचं असो की पाच.

काढणं

सपाट जागा बघा. आमच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात उतार आहे, तिथे शेजाऱ्यांशी जागेची अदलाबदल करून घेतली. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून घरात ठेवा. हा देवधर्माचा नियम नाही: अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, किल्ली बंद असली तरी ती जिवंतच. तिच्यात आणि बॉडीत अंगठी सापडली की ती क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही. ओढणी असेल तर ती पण नको.

म्हणून पहिलं काम बॅटरीचा मायनस काढणं. मायनसच. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना कुठे बॉडीला लागला तर थेट शॉर्ट. मायनस निघाल्यावर पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. काढलेली वायर फडक्यात गुंडाळून लांब बाजूला दाबून ठेवा, तिला आपोआप परत चिकटायची सवय असते. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जातील, त्याला इलाज नाही.

आता फोटो काढा. पट्टा कुठल्या पुलीवरून कसा गेलाय, कुठली वायर कुठे, कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड. भरपूर काढा.

काही गाड्यांत वरून हात पोचतो, काहींत पट्ट्याच्या बाजूचं पुढचं चाक काढून आतलं प्लास्टिक सोडवावं लागतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्या. मग गाडी उचला, चौकटीच्या ठरलेल्या जागी घोड्या लावा, भार त्यांच्यावर उतरवा आणि गाडीला बाहेरून एक धक्का देऊन बघा. हलली नाही तरच खाली जा.

पट्टा दोन प्रकारे ताणलेला असतो. जुन्या छोट्या गाड्यांत अल्टरनेटर एका आडव्या बोल्टवर झोका घेतो आणि दुसऱ्या टोकाला वाकडी पट्टी असते, तिच्या लांबट भोकात ताणाचा बोल्ट. दोन्ही ढिले करा, काढू नका. अल्टरनेटर इंजिनकडे ढकला, पट्टा सैल पडेल, पुलीवरून सरकवा. एअर कंडिशनरचा पट्टा बाहेरच्या बाजूला असेल तर तो आधी काढावा लागतो. नव्या रचनेत स्प्रिंगचा टेन्शनर असतो. त्याच्या नटावर लांब पाना लावून तो फिरवून धरायचा आणि दुसऱ्या हाताने पट्टा काढायचा. हाताला हिसका बसतो, बोटं पट्टा आणि पुलीच्या मध्ये ठेवू नका.

मागे दोन जोड असतात. प्लगला छोटी जीभ असते. ती दाबूनच ओढायचा. उन्हा-पावसात ते प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं, जोर लावला की जीभ तुटते आणि मग प्लग धक्क्याने निसटत राहतो. वायर धरून तर कधीच ओढू नका. दुसरी जाड वायर, रबरी टोपीखाली नट. टोपी मागे सरकवा, नट काढा, वॉशर खिशात नाही, डब्यात टाका.

मग ताणाचा बोल्ट काढा आणि शेवटी आडवा. तो निघायच्या आधी खालून हात लावा. अल्टरनेटर दिसतो लहान, पण चार-पाच किलो सहज भरतो आणि निसटला की बोटावर नाहीतर रेडिएटरवर येतो.

आणि तरीही तो निघणार नाही. इथे बहुतेक नवखे हात टेकतात, म्हणून जरा जवळून सांगते. अल्टरनेटरला दोन कान असतात आणि ते इंजिनवरच्या ब्रॅकेटला दोन्हीकडून कवटाळून बसतात. मागच्या कानात एक लोखंडी बुश, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, असतो. बोल्ट आवळताना तो आत सरकतो आणि ब्रॅकेट चिमटीत धरतो. बोल्ट काढला तरी चिमटी सुटत नाही, त्यात वर्षानुवर्षांची माती आणि गंज. स्प्रे मारा, दहा-पंधरा मिनिटं सोडा, चहा घ्या. मग कानाच्या मुळाशी लाकडी दांड्याने खालून-वरून आळीपाळीने हलकेच ठोका, दातासारखा हलवत हलवत काढा. हातोडा थेट ॲल्युमिनियमवर मारला की कान तुटतो, आणि दुरुस्तीला द्यायचा अल्टरनेटर तिथेच भंगार होतो.

बसवणं

जुना आणि नवा वर्तमानपत्रावर शेजारी ठेवा. कान, प्लग, पुली, सगळं पुन्हा ताडून बघा. नव्याची पुली हाताने फिरवा. खरखर न होता फिरली पाहिजे. नव्याच्या मागच्या कानातला बुश बसवायच्या आधी एक-दोन मिलिमीटर बाहेर सरकवून घ्या. बाहेरच्या बाजूला मोठी गोटी टेकवायची, आत बोल्ट आणि नट घालून आवळायचं, बुश गोटीत सरकतो. एवढं केलं नाही तर अल्टरनेटर ब्रॅकेटवर बसतच नाही आणि चुकीचा माल मिळाला म्हणून लोक परत नाना पेठेत जातात.

ब्रॅकेटवरची माती ब्रशने साफ करा, वायर जिथे टेकते तिथे पॉलिश पेपर मारा. अल्टरनेटर जागेवर धरा आणि दोन्ही बोल्ट हातानेच जातील तितके घाला. पाना आत्ता नको. बोल्ट हाताने दोन-तीन आटेही जात नसेल तर तो वाकडा लागलाय. काढून परत घाला. मग वायरी. जाड वायरीचा नट घट्ट हवा, पण अंगातली ताकद दाखवायची ही जागा नाही. नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा आत फिरला तर त्याखालचं इन्सुलेशन जातं. रबरी टोपी आठवणीने परत. प्लग टक् आवाज येईपर्यंत.

पट्टा फोटोप्रमाणे चढवा आणि प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा. एक खाच जरी बाहेर राहिली तरी पट्टा तासाभरात फाटतो. आता ताण. टॉमी अल्टरनेटरच्या जाड कानाजवळ टेकवा, मधल्या अंगावर किंवा मागच्या पत्र्यावर कधीही नाही. एका हाताने ओढून धरा, दुसऱ्या हाताने ताणाचा बोल्ट आवळा, मग आडवा. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने चांगला जोर देऊन दाबा: अर्धा ते एक सेंटीमीटर दबला पाहिजे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच प्रमाण. सैल राहिला तर चिरकेल, तुम्हाला लगेच कळेल. जास्त ताणला तर आवाज येणार नाही, पण अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपचं बेअरिंग काही महिन्यांत जाईल. त्यामुळे शंका असेल तेव्हा किंचित सैल बाजूला राहा.

बोनेटखाली राहिलेला पाना, फडकं, टॉर्च मोजून बाहेर काढा. प्लास्टिक आणि चाक परत लावा, घोड्या काढून गाडी खाली घ्या. बॅटरी उतरलेली असेल तर ती आधी चार्जरवर किंवा बॅटरीवाल्याकडे पूर्ण भरून घ्या. रिकामी बॅटरी भरण्याचं काम नव्या अल्टरनेटरवर टाकलं तर तो पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने तासन् तास तापत राहतो. सगळ्यात शेवटी मायनस जोडा. बारीक ठिणगी उडेल, ती चालते.

चालू केल्यावर

सेल्फ मारा. लाल दिवा विझला पाहिजे. मीटर लावा. गार इंजिनवर १४.२-१४.४ आणि सगळं गरम झाल्यावर १३.८-१४ झालं तर काळजी नको, गरम झाल्यावर रेग्युलेटर व्होल्टेज जरा उतरवतोच. दिवे, ब्लोअर लावून पुन्हा बघा. आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) थोडी वर-खाली होत असेल तर पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या, बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटरला परत शिकायला वेळ लागतो.

काहीच चार्जिंग नाही? उघडायच्या आधी प्लग बसलाय का बघा, मग जाड वायरीच्या वाटेवरचा मोठा फ्यूज. चार्जिंग आहे पण पट्टा चिरकतो? ताण. नवा घरघरतो? परत करा, वॉरंटी त्यासाठीच लिहून घेतली होती.

पहिल्याच दिवशी ताम्हिणीला निघू नका. शहरात एक-दोन दिवस फिरवा, सिग्नलवर आयडलला दिवे लावलेले असताना लाल दिवा मिणमिणतो का ते बघा. नवा पट्टा पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये थोडा सैल पडतो, तेव्हा ताण पुन्हा एकदा तपासायचा. हाताने ताणायची रचना असेल तर हे टाळता येत नाही. जुना अल्टरनेटर दुकानदार बदल्यात घेतो का ते विचारा. तो फुटकळ भाव सांगत असेल तर देऊ नका. आत तांब्याची गुंडाळी असते, आणि नुसते कार्बन आणि कटआऊट गेले असतील तर वायरिंगवाला तो सावकाश दुरुस्त करून देईल.